उद्याची तारीख

"मास्तर, कान इकडे करा," बिनतारी म्हणाली आणि टेलिफोनचं तोंड तिने तळहाताने असं दाबून धरलं, की जणू पलीकडे अवघी दुनिया श्वास रोखून बसली आहे. पलीकडे कोणीच नव्हतं. मास्तरांना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी कान पुढे केला.

"पानविभागातून एक जण जाणार."

"पानविभागात आहोतच दोघं."

"तेच तर! दोघांतलं एक."

"कोण?"

तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मग आवाज न करता नुसते ओठ हलवले. "धाकटी."

बिनतारी वर्तमानपत्राच्या कचेरीच्या दारातच फोन घ्यायला बसायची. तिची बातमी पोचायला तार लागत नाही म्हणून फौजदाराने तिला हे नाव ठेवलं होतं. फौजदार तरी कुठे खरा फौजदार होता? चोऱ्यामाऱ्यांच्या बातम्या आणणारा वार्ताहर तो. पण टेबलावर चहा कोणी सांडला याचीसुद्धा जबानी घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. या इमारतीत जन्माच्या नावाला कोणी विचारत नव्हतं. मास्तरांनी उभ्या आयुष्यात हातात खडू धरला नव्हता, पण पानावर बातम्या कशा बसवायच्या हे त्यांनी इतक्या जणांना शिकवलं, की मास्तर झाले ते झालेच. आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावरची धाकटी आता पस्तिशीला आली होती, एका शाळकरी मुलीची आई होती, तरी धाकटीच राहिली होती. कारण तिच्यानंतर पानविभागात नवं कोणी आलंच नाही.

मास्तर जिना चढू लागले. दुसऱ्या पायरीवर त्यांच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. आपण नाही. चौथ्या पायरीवर त्या हलकेपणाचीच त्यांना लाज वाटली, आणि उरलेला जिना त्यांनी ओझं वाहणाऱ्या माणसासारखा चढून संपवला.

वर धाकटी संगणकाच्या पडद्यावरच्या पानात डोकं खुपसून बसली होती. त्यांना पाहताच ती उठली.

"मास्तर, चहा आणू तुमच्यासाठी?"

"तू बस. मी आणतो."

"नाही नाही, तुम्ही बसा."

दोघांनाही कळेना की आज समोरच्याला आपला इतका उमाळा का आलाय.

वर्तमानपत्र तसं छोटं होतं. गावात आणि आजूबाजूच्या वस्त्यांत जायचं. कुठे रस्ता खचला, कोणाला जुळं झालं, कोण गेलं, कोणाच्या शाळेने नाटकात बक्षीस मारलं, असल्या बातम्या. जुने मालक थकले. त्यांनी ते दूरच्या एका मोठ्या कंपनीला विकलं आणि कंपनीने नवे साहेब पाठवले. साहेब तरुण होते, बोलायला मऊ होते. पण त्यांच्या बुटांचा आवाज होत नसे, आणि हाच त्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा ठरला.

"पायात मांजरं बांधून फिरतो," फौजदार चहाच्या खोलीत सांगत होता. "परवा पानविभागाची खोली फीत लावून मोजली त्याने. स्वतः वाकून! मी डोळ्यांनी पाहिलंय."

"भिंत पाडणार असतील," बिनतारी म्हणाली.

"भिंत नाही, माणूस पाडणार."

"जाहिरातवाल्याला त्यांनी काल 'कसं चाललंय' म्हणून विचारलं. बिचारा दुपारभर जेवला नाही."

"उलट त्याने पोटभर जेवावं. ज्याला काढायचं असतं त्याच्याशी साहेबलोक बोलत नाहीत."

"अगं बाई! माझ्याशी तर ते कधीच बोलत नाहीत."

"तुझ्याशी कधी बोलणार ते? तू थांबशील तेव्हा ना."

अशा हसण्याच्या आडोशाला सगळे उभे होते, वारा लागू नये म्हणून.

या इमारतीची एक रीत होती. ती कंपनीच्या कोणत्याही नियमात नव्हती. जो कोणी नोकरी सोडून, निवृत्त होऊन, कसाही का होईना इथून जाई, त्याच्यासाठी पहिल्या पानासारखं हुबेहूब एक पान निघायचं. एकच प्रत. वर पत्राचं तेच नाव, तेच टाइप, तेच रकाने. पण सगळ्या बातम्या त्या एका माणसाच्या. त्याला म्हणायचे निरोपाचं पान. ते लावायचं काम मास्तरांचं, आणि त्याचे नियमही त्यांनीच घालून दिलेले. हवामानाच्या चौकटीत, तो माणूस कामावर पहिल्यांदा आला त्या दिवसाचं हवामान. जुन्या अंकांतून शोधून काढलेलं. तळाशी मास्तरांनी रचलेल्या दोन ओळी. तारीख मात्र त्याच दिवसाची. रोजचं पान आज लावायचं आणि त्यावर उद्याची तारीख घालायची. वर्तमानपत्रातल्या माणसाचा हात तसाच वळलेला असतो. पण निरोपाच्या पानाला उद्या नसतो, म्हणून त्यावर आजची.

आणि शेवटचा नियम असा, की पानात कुठेतरी मुद्दाम एक चूक पेरायची. जाणाऱ्याने ती सगळ्यांसमोर शोधून दाखवायची. सापडल्याशिवाय घरी जायचं नाही.

मुद्रितं तपासणाऱ्या भिंगवाल्या काकांना ती शोधताना घाम फुटला होता. काकांनी एकेक अक्षर नखाने खरवडल्यासारखं तपासलं, काना-मात्रा पाहिल्या, आकडे पाहिले, आणि चूक होती फोटोत: त्यांच्या स्वतःच्या नाकावरचा चष्मा मास्तरांनी पुसून टाकला होता. जन्मभर अक्षरांत राहिलेल्या माणसाला आपला चेहरा दिसलाच नाही. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग नुसतं पाणीच राहिलं. गठ्ठे पोचवणारा गाडीवाला गेला तेव्हा त्याच्या पानाच्या तळाशी मास्तरांनी लिहिलं होतं:

ज्याच्या चाकांनी पहाट आणली रोज दारात,
आज तोच निघाला, बाई, उन्हाच्या भरात.

गाडीवाल्याने ते पान चौकटीत घालून घरात टांगलं. त्याच्या बायकोला वाचता येत नव्हतं. पण त्या दोन ओळी तिला पाठ होत्या.

आता मास्तरांना धाकटीचं पान लावायचं होतं.

ते त्यांनी गुपचूप सुरू केलं. फौजदाराला विचारलं, धाकटीची एखादी गंमत सांग. फौजदार त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत राहिला, मग गालातल्या गालात हसून म्हणाला, "सांगतो ना. आजकाल सगळ्यांनाच गमती हव्यात." बिनतारीला विचारलं तर ती एकदम डोळे पुसायला लागली. मास्तरांना वाटलं, चांगल्या मनाची आहे बिचारी.

पण पान काही भरेना. धाकटीने एकदा पुराच्या बातमीत पाणी ओसरल्याचा फोटो आधी आणि चढल्याचा नंतर लावला होता, ती एक बातमी झाली. तिची मुलगी लहानपणी टेबलाखाली बसून रद्दी कागदांची घरं करायची, ती एक झाली. मग मधला मोठा रकाना रिकामाच राहिला. तळाच्या दोन ओळी तर येता येईनात. आजवर मास्तरांना त्या शोधाव्या लागल्या नव्हत्या. पान लावता लावता, पाणी भरता भरता गाणं यावं तशा त्या येत. या वेळी पहिली ओळ यायची आणि दारातूनच परत जायची.

इकडे धाकटीची माया उतू चालली होती. एके दिवशी तिने त्यांच्या खुर्चीसाठी घरून उशी आणली.

"ही कशाला?"

"तुमची पाठ दुखते ना."

"पाठ गेली कित्येक वर्षं दुखतेय. उशी आज आठवली?"

ती गोरीमोरी झाली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "मास्तर, तुम्ही इथे लागलात तेव्हा हा जिना लाकडी होता का हो?"

"लाकडी होता. तिसरी पायरी बोलायची."

"काय बोलायची?"

"'आलास का बाबा' म्हणायची."

ती हसली आणि मग पटकन पडद्याकडे वळली. मास्तरांना वाटलं, पोरीला कुणकुण लागलीय. जायच्या आधी सगळं डोळ्यांत साठवून घेतेय.

दोन टेबलांच्या मध्ये, खिडकीखाली, प्रिंटर होता. त्या दुपारी धाकटी मुलीच्या शाळेत गेली होती. मास्तरांनी संधी साधून तिच्या पानाची कच्ची प्रत काढायला पाठवली. प्रिंटर खाकरला, थांबला, पुन्हा खाकरला आणि पान बाहेर पडलं. मास्तर उचलायला गेले तर हाताला दोन पानं लागली. आधीचं कोणीतरी काढून विसरलं होतं. वरचं खालच्यावर उलटं पडलेलं. दोन्ही तोंडाला तोंड लावून, जसं दोन मैत्रिणींनी एकमेकींच्या कानात काही सांगावं.

त्यांनी ती सोडवली. एका पानावर धाकटी होती. दुसऱ्यावर ते स्वतः.

आधी त्यांनी ते पाहिलं ते कारागिराच्या डोळ्याने. सवयच तशी: एक डोळा मिटायचा आणि पान हातभर लांब धरायचं. मथळा वजनदार, पण डोक्यावर बसणारा नाही. फोटो जिथे हवा तिथे. रकाने एकमेकांना धक्के न देता उभे. कुठे ओळ लोंबत नव्हती, कुठे चौकट गुदमरत नव्हती. मास्तर काहीतरी खोट शोधत राहिले आणि त्यांना ती मिळेना. हे पान मी लावलं असतं तर असंच लावलं असतं, त्यांच्या मनात आलं. आणि मग, नाही, मी मथळा इतका मोकळा सोडला नसता, तिने सोडलाय ते बरं केलंय.

मग त्यांनी वाचलं.

'मास्तर वेळेवर घरी. पत्नीला जबर धक्का.' त्याखाली, 'हरवलेला चष्मा डोक्यावरच सापडला: फौजदारांच्या तपासाला यश.' फोटोत ते खिडकीपाशी उभे होते, एक डोळा मिटून, कसलं तरी पान हातभर लांब धरून. हा फोटो कोणी कधी काढला त्यांना माहीत नव्हतं. आपण असे दिसतो हेही माहीत नव्हतं. हवामानाची चौकट अजून कोरी होती. तारखेची जागाही कोरी. पण तळाशी दोन ओळी होत्या. धाकटीने आयुष्यात कधी दोन ओळी जुळवल्या नव्हत्या.

मास्तर सांगती, दोन ओळींत जागा ठेव गं मोकळी,
वाचणाऱ्याचा जीव तिथे घटकाभर टेकतो.

यमक जुळलं नव्हतं. मास्तरांनी त्या पुन्हा वाचल्या. यमक नसूनही ओळ पडत नव्हती. उभी होती.

तेवढ्यात त्यांना खरी गोष्ट कळली आणि ते नव्या उशीवर मटकन बसले. हे निरोपाचं पान आहे. म्हणजे जाणारा मी.

खिडकीतून दुपारचं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. त्यांनी आपलं पान होतं तसं पुन्हा प्रिंटरवर ठेवलं, धाकटीचं घडी करून खिशात टाकलं, आणि खाली उतरून बिनतारीसमोर जाऊन उभे राहिले.

"मला तू धाकटीचं नाव सांगितलंस."

बिनतारीने टेलिफोनचं तोंड दाबून धरलं. या वेळी टेलिफोन खाली ठेवलेलाच होता.

"तिला काय सांगितलंस?"

"तुमचं," ती पुटपुटली.

"अगं, का?"

"मग काय करू मास्तर? तुमच्या तोंडावर तुमचं नाव कसं घेऊ? जीभ तरी वळायला पाहिजे ना."

"आणि तिच्या तोंडावर?"

"तिच्या तोंडावर तिचं तरी कसं घेऊ? तिच्या पदरात पोर आहे."

"मग खरं नाव कोणाचं?"

"मला कुठं माहीत!" बिनतारी रडवेली झाली. "फोनवर साहेब एवढंच म्हणाले, पानविभागातून एक जण. पुढचं मी माझ्या मनाने घातलं. आणि मग फौजदाराने सगळ्यांना सांगितलं, दोन पानं लागतायत, कोणी तोंड उघडायचं नाही, बघू कोणाचं आधी लागतंय."

मास्तरांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना हसू आलं. ते हसू पोटातून वर येता येता कुठेतरी वाटेत ओलं झालं. "फौजदाराला म्हणावं, त्याचा तपास संपला," ते म्हणाले.

घरी त्यांची बायको मागच्या अंगणात रोपं लावत होती. फुलझाडांची रोपं करून विकायची हा तिचा व्यवसाय. तिची नखं वर्षभर मातीची, त्यांची वर्षभर कोरडी. "तुमची बोटं नुसती तो प्लास्टिकचा उंदीर गोंजारण्यात चालली," असं ती नेहमी म्हणायची.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. बिनतारीचं सांगितलं, दोन पानांचं सांगितलं. जिन्यावरच्या त्या हलक्या झालेल्या छातीचंही सांगितलं.

ती ऐकत होती आणि हात चालू होते. शेवटी म्हणाली, "ठरवून आलात, की ठरवायला आलात?"

"अजून काहीच ठरलेलं नाही तिथं."

"तिथलं नाही विचारत. तुमचं विचारतेय."

मास्तर पायरीवर बसले. "तिचं पान माझ्याच्यानं भरत नाही, गं. किती ओढलं तरी मधला रकाना रिकामाच. तिचं अजून व्हायचंच आहे सगळं, मी लिहू काय? आणि माझं तिने लावलंय ते... त्यात एक ओळ घालायला जागा नाही, की काढायला नाही."

"म्हणजे चांगलं लावलंय."

"फार चांगलं लावलंय. पान लागलं की सोडायचं असतं. लागलेलं पान धरून बसलं की पुढची सगळी छपाई अडते. हे मीच सगळ्यांना शिकवत आलो."

बायकोने मातीचे हात झटकले. "मला घाबरवू नका उगीच. तुम्ही दिवसभर घरात म्हणजे माझ्या कामाला दृष्टच."

"मी मदत करीन."

"तेच म्हणतेय." मग तिचा आवाज उतरला. "वाईट वाटतंय ना?"

"वाटतंय की. संध्याकाळी पान सोडलं की पाच मिनिटं काहीच करायचं नसतं बघ. हात मोकळे असतात आणि खालून यंत्राची धडधड सुरू होते. ती पाच मिनिटं मला लागतील."

ती त्यांच्याजवळ येऊन टेकली. "आज वार कोणता?" तिने एकदम विचारलं.

"शुक्रवार."

"गुरुवार!" ती हसायलाच लागली. "मेलं, लग्न झाल्यापासून मी उद्याच्या माणसाबरोबर संसार करतेय. आज काय विचारलं की तुम्ही उद्याचं सांगता. एकदा जरा आजच्यात राहायला या. तेवढं जमलं तर बघा."

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःहून साहेबांच्या खोलीत गेले. ते आत शिरताना पाहून चहाच्या खोलीत म्हणे कपबश्या वाजायच्या थांबल्या.

"बसा ना," साहेब म्हणाले.

"पानविभागातून एक जण कमी करायचाय तुम्हाला."

साहेब दचकले. "कोणी सांगितलं?"

"इथे सांगावं लागत नाही."

साहेबांनी कपाळ चोळलं. जवळून पाहिलं तर डोळ्यांखाली काळं होतं. मांजराच्या पावलांचा माणूस नीट झोपतही नव्हता. "वरून एकच सांगितलंय, एक जण. कोण ते माझ्यावर टाकलंय. खरं सांगू का, इतके दिवस मला ठरवता आलेलं नाही."

"ठरवू नका. मी जातो."

"तुमच्यावर कोणी दबाव आणला का?"

"नाही साहेब. माझं पान लागलंय."

साहेबांना ते कळलं नाही. मास्तरांनी ती रीत समजावून सांगितली: हवामान, तारीख, चूक, सगळं. साहेब लहान मुलासारखे पुढे सरकून ऐकत होते. "म्हणजे कोणी एक पान केलं म्हणून तुम्ही नोकरी सोडणार?"

"कोणी केलं नाही. मी शिकवलेल्या मुलीने केलंय. मला त्यात खोट सापडली नाही. शिकवायचं काही उरलं नाही की मास्तर नुसता जागा अडवतो." ते घुटमळले. "आणखी एक. तिचं नाव आलं तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला बरं वाटलं नाही."

मास्तर दारापर्यंत गेले आणि वळले.

"एक विचारू? आमची खोली मोजलीत ती कशासाठी?"

"पडद्यासाठी," साहेब ओशाळून म्हणाले. "दुपारचं ऊन तुमच्या डोळ्यांवर येतं ना. खिडकी मोजायला गेलो, मग म्हटलं खोलीच मोजू."

मास्तरांच्या शेवटच्या दिवशी रोजचं पान लवकर लागलं, फक्त सोडायचं बाकी होतं. संध्याकाळचं ऊन नव्या पडद्यातून गाळून खोलीत येत होतं. सगळे जमले. फौजदार, जाहिरातवाला, रुमाल तोंडाला लावलेली बिनतारी. साहेबही येऊन दाराशी उभे राहिले. आज त्यांच्या बुटांचा आवाज झाला, बहुतेक मुद्दाम केला.

धाकटीने पान त्यांच्या हातात दिलं. तिचे डोळे सुजले होते आणि आवाजात राग होता. "तुम्ही मला न विचारता गेलात साहेबांकडे."

"तू मला न विचारता माझं पान लावलंस."

"मला वाटलं तुम्हाला काढलंय! म्हणून लावलं."

"मग फिटलं."

"कसलं फिटलं? आणि माझं कुठाय? मी बघितलंय ते, शाळेतून परत आले त्याच दिवशी, तुमच्या पडद्यावर. फोटो किती जुना लावलात, गाल बघा माझे."

"ते अजून लागायचंय," मास्तर म्हणाले. "मधला रकाना रिकामा आहे. सावकाश भरू दे."

धाकटीने मान फिरवली.

"चूक शोधा मास्तर!" फौजदार ओरडला. "नियम म्हणजे नियम. नाहीतर आज इथेच मुक्काम."

मास्तरांनी एक डोळा मिटला, पान हातभर लांब धरलं. फोटोतही ते तसेच उभे होते, हातात पान धरून; ते पाहून सगळे हसले. त्यांनी मथळे पाहिले, फोटो पाहिला, त्यांचा चष्मा जागेवर होता. रकाने मनात मोजले. तळाच्या त्या बिनयमकाच्या दोन ओळींवर जरा थांबले आणि पुढे गेले. सांधा नाही, फट नाही. "नाही सापडत," बिनतारी आनंदाने कुजबुजली. "राहा म्हणावं आता इथेच."

मग त्यांची नजर हवामानाच्या चौकटीवर आली. तिथे लिहिलं होतं: ढगाळ. दुपारनंतर सोसाट्याचा वारा.

मास्तरांनी मान वर केली.

"माझ्या दिवशी कडक ऊन होतं," ते हळू म्हणाले. "जिन्याचा लोखंडी कठडा हाताला चटका देत होता. हे माझं हवामान नाही."

त्यांनी पान धाकटीकडे वळवलं.

"हे तुझं आहे, पोरी. तू आलीस त्या दिवशी ढग होते आणि असा वारा सुटला, की तू दार उघडलंस तसे माझ्या टेबलावरचे सगळे कागद उडाले. तू नमस्कारसुद्धा केला नाहीस. बॅग टाकलीस आणि आधी कागद गोळा करायला लागलीस. क्रमाने लावून दिलेस. मी तेव्हाच म्हटलं, ही टिकणार."

धाकटी रडत होती आणि हसत होती. "मला वाटलं, हे तुम्हाला सापडायचं नाही," ती म्हणाली. "माझा दिवस कोण कशाला लक्षात ठेवेल?"

टाळ्या झाल्या. फौजदाराने शिटी मारली. टाळ्यांच्या त्या गदारोळात मास्तरांनी पान खाली घेतलं, तेव्हा त्यांची नजर सहज वरच्या कोपऱ्यात गेली. तारीख. तिथे आजची तारीख हवी होती. तिथे उद्याची होती.

ही पेरलेली चूक नव्हती. हे त्यांना तिच्या चेहऱ्याकडे न बघताही कळलं. हात आपोआप गेला होता, रोज जातो तसा; आणि ही सवय त्या हाताला लावणारे तेच. खिशातल्या लाल पेन्सिलीपर्यंत त्यांची बोटं पोचली. तिथे घटकाभर टेकली.

"अजून काही?" धाकटीने गाल पुसत विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "सोडा पान."

खालून यंत्राची धडधड सुरू झाली. ती पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून ऐकली.

सकाळी अंगणात चहा घेताना बायकोने ते पान एका कुंडीला टेकवून उभं केलं होतं आणि ती ते चवीचवीने वाचत होती. "पत्नीला जबर धक्का," ती मोठ्याने म्हणाली. "खोटं काही नाही हो यात." मग वाचता वाचता तिची नजर वर गेली.

"अहो, कालच्या पानावर तारीख आजची आहे."

मास्तरांनी कप खाली ठेवला. एक डोळा मिटून पाहिलं. रात्रीतून कोणी काही बदललं नव्हतं, तरी काल चुकीची असलेली तारीख आज बरोबर होती.

"आजचीच आहे," ते म्हणाले. "बरोबर आहे."

मग ते मातीत गुडघे टेकून बसले. रोपांचा ट्रे जवळ ओढला. पहिलं रोप बोटांनी सोडवलं, लावलं, भोवतीची माती दाबली. आणि दुसरं लावण्याआधी, हात तसाच अधांतरी ठेवून, दोन्हींमध्ये किती जागा मोकळी सोडावी ते पाहत राहिले.